तेलाच्या थेंबातलं घर

१

लडकू हरडाच्या घरी दिवस उजाडायचा तो लघवीनं. दुसऱ्यांच्या घरी चूल पेटते, गोठ्यातलं शेण निघतं, कुणी कुणाला हाका मारतं. इथं सूर्य वर यायच्या आत लडकू मागच्या दारी जायचा, पत्र्याच्या डब्यात लघवी करायचा, डबा मोरीच्या कडेला ठेवायचा आणि तोंड धुवायला निघून जायचा. मग त्याची बायको, लहानी, काशाची पसरट वाटी भरून आणायची आणि अंगणातल्या सपाट दगडावर ठेवायची. पहिलं ऊन वाटीवर आलं की लडकू उकिडवा बसायचा, गवताची काडी तिळाच्या तेलात बुडवायचा आणि एकच थेंब सोडायचा.

थेंब पसरला तर बरं. पूर्वेला पसरला तर फारच बरं. जागच्या जागी थांबला तर रोग चिवट. दक्षिणेला सरकला तर वाईट, आणि बुडाला तर बोलायलाच नको. हे सगळं मुरबाडच्या आबा वैद्यांनी शिकवलेलं होतं.

लडकूचा यावर विश्वास होता असं नाही. अठरा वर्षं त्यानं मुंबईच्या गिरणीत रंगखात्यात काढली होती. तेल पाण्यावर कसं पसरतं, रंग कशात फुटतो, कशात बसतो, हे त्याला वैद्यापेक्षा जास्त कळत होतं. पण विश्वास नसलेल्या गोष्टीही माणूस रोज करतो. तो तर संतापून करायचा.

संतापाचं कारण जुनं होतं. रंगखात्यात लाल माल चालला की सगळ्यांचीच थुंकी लाल, घाम लाल, पंचे लाल. म्हणून लघवी पहिल्यांदा लाल झाली तेव्हा लडकू हसला होता. "रंग उतरतोय," असं त्यानं खात्यातल्या जोडीदाराला सांगितलं होतं, आणि तोही हसला होता. दोन वर्षं रंग उतरतच राहिला. दुखत काही नव्हतं. मग सन अडतीसच्या श्रावणात लघवी तुंबली, तेव्हा कुठं तो हॉस्पिटलात गेला.

तिथल्या पारशी डॉक्टरनं पुढं दिवा असलेली एक नळी आत घातली. त्या दुखण्याचं वर्णन लडकूनं कधी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाला, लघवीच्या पिशवीत आत चामखिळीसारखं उगवलंय, कॅन्सरचं आहे, आपण ते जाळून टाकू. जाळलं. मग म्हणाला, "ते परत येऊ शकतं. दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं."

"किती वर्सं?" लडकूनं विचारलं.

"तू आहेस तोपर्यंत," डॉक्टर म्हणाला आणि हात धुवायला गेला.

२

तीन महिने म्हणजे काय चीज असते हे ज्याला कुणी असं सांगितलेलं नाही त्याला कळायचं नाही. पहिला महिना माणूस विसरायचा प्रयत्न करतो. दुसऱ्या महिन्यात दिवस मोजतो. तिसऱ्यात घरातल्यांचं जिणं हराम करतो.

लडकूनं तेच केलं. गिरणी सुटली होती. वैशाखरे गावाच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, कारवीच्या कुडाचं त्याचं घर होतं. पुढं पडवी, मग माजघर, माजघराच्या एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात जातं, मागं मोरी. मूलबाळ नव्हतं. दिवसभर तो पडवीत बसून दोर वळायचा आणि चिडायचा. डाळ पातळ म्हणून चिडायचा, घट्ट म्हणून चिडायचा. शेजारचा काळूराम त्याला बैलगाडीनं मुरबाडपर्यंत सोडायचा. बिचारा भला माणूस. पण "आता बरं ना, दादा?" असं विचारताना त्याची नजर नेमकी लडकूच्या कमरेखाली जायची, आणि लडकूला त्याला चाबकानं फोडावंसं वाटायचं.

दसऱ्याच्या दिवशी थेंब बुडाला.

पहिल्यांदाच बुडाला. खाली गेला आणि वाटीच्या बुडाशी गोळी होऊन बसला. लडकूनं वाटी उचलून पडवीच्या खांबावर फेकली. वाटीला पोचा आला, खांबावर ओघळ उतरला, शिंतोडे लहानीच्या लुगड्यावर उडाले. लडकू दोन दिवस जेवला नाही. तो जेवला नाही म्हणून तीही जेवली नाही, आणि ती का जेवत नाही म्हणून तो तिच्यावर ओरडला.

तिसऱ्या दिवशी थेंब पूर्वेला पसरला, चांगला तळहाताएवढा. चौथ्या दिवशीही तसाच. पाचव्याही. कार्तिकात तो मुंबईला गेला तेव्हा डॉक्टरनं नळी घालून पाहिलं आणि म्हणाला, साफ आहे. लडकूच्या मनात आलं, हे मला आधीच ठाऊक होतं. त्या दिवसापासून थेंबावर त्याचा विश्वास बसला.

३

मार्गशीर्षात भाताची झोडणी उरकली. एका सकाळी लडकूनं थेंब सोडला, तो पसरला, आणि पसरता पसरता त्याच्या कडा सरळ झाल्या.

तेलाला कोपरा नसतो. अठरा वर्षांत लडकूनं तेलाचे नाना आकार पाहिले होते, पण कोपरा पाहिला नव्हता. इथं चार होते. मग आत रेघा पडल्या. पुढं एक अरुंद पट्टी, तिच्यामागं मोठा चौकोन, मागं एक छोटी चौकट. पडवी, माजघर, मोरी. पूर्वेला दार सोडलेलं होतं, मागच्या बाजूलाही सोडलेलं होतं. त्याचंच घर होतं ते, वरून पाहिल्यासारखं.

आणि मागच्या दाराबाहेर एक काळा ठिपका होता.

"काय दिसतंय?" लडकूनं विचारलं.

लहानी वाकली. "पसरलंय की चांगलं," ती म्हणाली. "अजून काय पायजे?"

तिला दिसत नव्हतं, की तिनं नीट पाहिलं नव्हतं, हे त्याला कळलं नाही. त्यानं काडीनं पाणी ढवळलं. घर मोडलं. काडी काढल्यावर ते पुन्हा जुळलं, आधी भिंती, मग दारं, मग तो ठिपका. त्यानं वाटी उकिरड्यावर ओतली आणि दिवसभर जो समोर येईल त्याच्यावर गुरगुरला.

४

तेल भेसळीचं असेल. त्यानं बाजारातून दुसरं आणवलं. वाटीला पोचा आलाय, त्यानं पाण्याला वाक येत असेल. त्यानं पितळी वाटी घेतली. वाऱ्यानं होत असेल म्हणून एकदा माजघरात दार लावून थेंब सोडला. घर तेच. ठिपका मात्र तिथंच नव्हता. तो आठ दिवसांत मागच्या दारातून मोरीत आला होता. पंधराव्या दिवशी तो चुलीपाशी होता.

त्याच दुपारी लहानी धुणं घेऊन ओढ्यावर गेली होती. लडकू पडवीत दोराला पीळ घालत होता. ऊन स्वच्छ होतं, समोर काळूरामची म्हैस रवंथ करत होती. आतून आवाज आला.

फुंकणीचा आवाज होता तो. विझत चाललेल्या चुलीला बाई फुंकणीनं वारा घालते तसा, एकच, लांब, दमानं घातलेला.

लडकू आत गेला. घरात कुणी नव्हतं. चूल सकाळीच विझली होती. राख थंड होती, तरी तिच्यातला हलका धुरळा उन्हाच्या कवडशात अजून वर चढत होता. मांजर येऊन गेलं असणार, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग त्यानं फुंकणी उचलली. तिचं तोंडाकडचं टोक ओलं होतं.

त्यानं ती तशीच खाली ठेवली, पडवीत आला, आणि लहानी धुणं घेऊन परतल्यावर तिच्यावर खेकसला. "घर उघडं टाकून जातेस. मांजरं फिरतात आत."

"बरं," लहानी म्हणाली. धुण्याची पाटी खाली ठेवताना ती भिंतीला धरून बसली. तिचं तोंड उतरलेलं त्याला दिसलं. "खात नायस का गो नीट?" असं त्यानं विचारलं, तेही रागानंच. ती मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्यावरूनही तो चिडला.

५

पौषात ठिपका जात्यापाशी जाऊन बसला.

जात्याचा आवाज कुणाच्याही ओळखीचा असतो, त्यामुळं इथं तरी शंकेला वाव नव्हता. भर सकाळ होती, लहानी विहिरीवर. आत जातं अर्धा फेर फिरलं आणि थांबलं. थोड्या वेळानं पुन्हा अर्धा फेर. दळणारीला दम लागावा आणि तिनं खुंटा धरून टेकावं, तसं. लडकू आत धावला. जात्याखाली पीठ नव्हतं. खुंट्याला हात लावला तर तो ऊबदार होता, नुकताच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखा.

आता मात्र त्याची भीती संपली आणि डोक्यात नुसता जाळ उठला. नळी सोसली, जाळणं सोसलं, गावाच्या नजरा सोसल्या, आणि आता हे दुखणं घरात शिरून खेळ करतंय! त्यातही ते मूर्ख होतं. त्याला हवा होता लडकू, आणि ते शोधत होतं चुलीपाशी, जात्यापाशी. जन्मात लडकू कधी जात्यावर बसला नव्हता. ज्याच्यासाठी आलं त्याची बसायची जागासुद्धा त्याला ठाऊक नव्हती.

"मी हितं हाय!" तो माजघराच्या मध्ये उभा राहून ओरडला. "पडवीत बसतो मी! डोले फुटले का तुझे? मी हितं हाय, ये!"

"कोनाशी बोलताव?"

लहानी मागच्या दारात घागर घेऊन उभी होती. घागर तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"तुझ्या बापाशी," लडकू म्हणाला.

माघात, मुंबईला जायच्या आदल्या सकाळी, ठिपका माजघराच्या भिंतीशी होता. दोघांची अंथरुणं पडायची तिथं. लडकूनं वाटीकडं बराच वेळ पाहिलं. मग तो शांतपणे म्हणाला, "आलं. सापडलो मी त्याला."

लहानीनं वाटी उचलली. आत न बघता ती लगबगीनं उकिरड्यावर ओतली. त्याला वाटलं ती त्याच्यासाठी घाबरली आहे, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचं थोडं बरंही वाटलं.

६

डॉक्टरनं नळी घातली, डोळा लावला, बराच वेळ पाहिलं.

"साफ," तो म्हणाला. "एकदम साफ. नव्या कातडीसारखं आहे आत."

"नीट बघा, साहेब. ते आलंय. घरात आलंय."

"कोण आलंय?"

लडकू धोतर सावरून बाहेर आला. हॉस्पिटलच्या बाकावर तो थोडा वेळ बसला. आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल, पण कल्याण येईपर्यंत त्याचा राग झाला होता. दोन महिने! दोन महिने एका थेंबानं त्याला नाचवलं. कल्याणहून मोटारीनं मुरबाडला उतरला तो तडक आबा वैद्यांच्या ओसरीवर गेला.

"तुमचा थेंब खोटा हाय," तो ओरडला. "डागदर सांगतो साफ, आन थेंबात घर दिसतंय, दारं दिसताय, कोन फिरतंय ते दिसतंय!"

आबा म्हातारे होते. ते खलबत्त्यात काहीतरी कुटत होते, ते त्यांनी थांबवलं. घर कसं दिसतं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी कोणाचं?"

"माझंच. दुसऱ्या कोनाचं असनार?"

"वाटीत तू ओततोस?"

लडकूनं आठवून पाहिलं. तो डब्यात करायचा. डबा मोरीच्या कडेला ठेवायचा. तोंड धुवायला जायचा.

"थेंब खरा की खोटा ते मी सांगत नाही," आबा म्हणाले. "ज्याचं पाणी, त्याचा थेंब. एवढंच मला माझ्या गुरूंनी सांगितलंय." आणि त्यांनी पुन्हा कुटायला घेतलं, पण लडकूकडं न बघता.

रात्र त्यानं धर्मशाळेत काढली. सकाळी काळूरामची गाडी आली. वाटेत काळूराम बोलत होता आणि लडकूला काही ऐकू येत नव्हतं. मोरी. चूल. जातं. अंथरुणाची भिंतीकडची बाजू, जिथं लहानी झोपते. ते मूर्ख नव्हतं. ते एकदाही चुकलं नव्हतं. ते दिवसभर बाईच्या मागं मागं फिरत होतं, जिथं ती बसे तिथं बसत होतं, आणि हा गाढव पडवीतून त्याला ओरडून सांगत होता की मी इथं आहे.

७

"कवापासून?" घरात पाऊल टाकताच त्यानं विचारलं.

लहानी तांदूळ निवडत होती. तिनं नाटक केलं नाही. "दसऱ्यापासून."

"का?"

"तुमी वाटी फेकलीत. दोन दिस जेवला नाय. मी म्हटलं, माझं पानी निरोगी हाय, त्यात चांगलं दिसंल, तुमी जेवाल." ती सुपातलं बोटानं सारखं करत होती. "दिसलं पन चांगलं. जेवलात तुमी."

लडकूनं सूप लाथाडलं. तांदूळ माजघरभर उडाले. तो काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. बोलून बोलून घसा बसला तेव्हा त्यानं हळू आवाजात विचारलं, "लाल होतं का तुला?"

तिनं उलटलेलं सूप सरळ केलं.

"लहाने, लाल होतं का?"

"बाईमानसाचं असतंय थोडंफार. मला वाटलं, गेलेला विटाळ परत आलाय. वाटीत वरचं निवळ तेवढंच ओतत होते."

"किती दिस?"

"झाले सा महिने. तुमी हास्पिटलात होतात तवापासून."

"बोलली का नायस?"

लहानीनं पहिल्यांदा मान वर केली. तिच्या तोंडावर राग होता. संसाराच्या इतक्या वर्षांत त्यानं तो पाहिला नव्हता. तिथंच असणार तो, त्यानं पाहिला नसेल. "कवा बोलू?" ती म्हणाली. "तुमचं सरंल तवा ना माझं."

लडकू खाली बसला. या घरात आजारी पडायला जागा एकाचीच होती आणि ती त्यानं पाय पसरून अडवून ठेवली होती. तो एकेक तांदूळ वेचू लागला.

दुसऱ्या सकाळी काळूरामची गाडी पुन्हा दारात उभी होती. जायचं मुंबईला, त्याच डॉक्टरकडं, तो बायकांना बघत नसेल तर जो बघतो त्याच्याकडं. लहानी म्हणाली, जरा जाऊन येते. डबा तिनं मोरीच्या कडेला ठेवला आणि हातपाय धुवायला परत आत गेली. लडकूनं पहिल्यांदाच स्वतःच्या हातांनी वाटी भरली. रंग त्याला बघताक्षणीच कळला. असाच रंग त्यानं दोन वर्षं हसून पाहिला होता.

ऊन वाटीवर आलं होतं. त्यानं थेंब सोडला. भिंती उभ्या राहिल्या, दारं सुटली. ठिपका मोरीत होता.

आतून लहानीच्या बांगड्या वाजल्या. ती माजघरातून आली, पडवीतून आली, पायरी उतरून अंगणात आली आणि दगडापाशी त्याच्याजवळ थांबली. वाटीतला ठिपका अजून घरातच होता. तो माजघरातून सरकत आला, पडवी ओलांडून आला आणि उंबऱ्यावर थांबला.

लडकूनं मान वर केली. उंबऱ्यावर कुणी नव्हतं. सकाळचं ऊन सबंध दारावर पडलं होतं. फक्त खाली, उकिडवं बसलेल्या माणसाएवढ्या जागेत, ते पडत नव्हतं.

"मी हितं हाय," लडकू म्हणाला. "तिला सोड. माझ्यात ये. तुला जागा ठाऊक हाय माझ्यात."

"चला ना," लहानी म्हणाली. "कोनाशी बोलताव?"

त्यानं वाटी फेकली नाही. दोन्ही हातांनी उचलली, थेंबही न सांडता गाडीत चढला आणि पुढं काळूरामच्या पाठीशी बसला. लहानी मागं बसली, गाठोडं मांडीवर घेऊन. गाडी हलली. वाटीतलं घर हिंदकळून फुटलं आणि पुन्हा जुळलं तेव्हा ते लांबट, अरुंद झालं होतं. दोन बाजूंना दोन फळ्या, मध्ये मोकळी जागा. ठिपका मागच्या अंगाला होता, लहानी बसली होती तिच्या अगदी लगत.

लडकूनं वाटी खाली ठेवली. तो गुडघ्यांवर सरकत मागं गेला आणि लहानीच्या शेजारी, फळी आणि ती यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, ठिपका होता तिथंच, अंग दाबून बसला.

"अवो, पुढं जागा हाय की मोकळी," लहानी म्हणाली.

"मला हितंच बसायचंय," लडकू म्हणाला.

खालची फळी ओली होती, आणि ऊबदार, नुकतंच कुणी तिथून उठल्यासारखी. तो उठला नाही.